घोडा, गाणं आणि विष्णुपंत

सर्कस म्हटलं की आपल्याला केरळचे कलाकार, उंच झुल्यावरच्या मुली आणि जोकर आठवतो. पण भारतातली पहिली सर्कस काढणारा माणूस मराठी होता, आणि तोही मुळात सर्कसवाला नव्हे तर घोडे शिकवणारा. जुन्या मराठीत या धंद्याला चाबुकस्वारी म्हणत. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे त्यांचं नाव. आमच्या हॉस्टेलवर दहा जणींना विचारलं, एकीलाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास अंकलखोपला झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर आहे. त्यांना वेड दोन गोष्टींचं : घोडा आणि गाणं. दोन्हींसाठी त्यांनी थेट ग्वाल्हेर गाठलं. शिंद्यांच्या त्या राजधानीत घोड्यांचे जाणकार बाबासाहेब आपटे होते आणि ख्यालगायकीचे मोठे उस्ताद हद्दू खाँही होते. विष्णुपंतांनी एकाकडून अश्वविद्या घेतली, दुसऱ्याकडून गाणं. आपण एका ब्रँचच्या सबमिशनने रडकुंडीला येतो, यांनी दोन ब्रँच एकदम घेतल्या!

आता मी अड्याळची. आमच्याकडे, पवनी तालुक्यात, घोडा दिसतो तो वरातीतच. बैल मात्र घरोघरी. कॉन्व्हेंटला शिकले तरी गोऱ्ह्याला वेसण घालताना मी पाहिलेलं आहे. चार माणसं धरून ठेवतात, नाक टोचतात, आणि मग तो त्या दोरीच्या दुखण्याला भिऊन जन्मभर वळत राहतो. घोड्याचं तसं नसतं. लगामाची लोखंडी कडी टोचून बसवत नाहीत. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत निसर्गाने रिकामी जागा ठेवली आहे. कडी तिथे जिभेवर आणि हिरडीवर टेकते. ही हिरडी फार नाजूक असते. म्हणूनच काटेरी लगाम चालवणारे लोकही झाले, आणि त्यांचे घोडे मान वर फेकणारे, तोंड उघडे टाकणारे, संधी मिळताच उधळणारे झाले.

चांगला शिकवणारा काय करतो? आधी दात तपासतो, कारण दुखणाऱ्या तोंडात कोणीच काही घेणार नाही. मग कडी नुसती हुंगायला देतो. थंडीत ती हातात धरून गरम करतो, हवं तर गूळ किंवा मध लावतो. ओठाच्या कोपऱ्यात, त्या बिनदातांच्या जागेत अंगठा घातला की घोडा आपोआप तोंड उघडतो, तेव्हा कडी अलगद आत सरकवतो. पहिले काही दिवस वाद्या जोडतच नाही. घोडा पाच-दहा मिनिटं कडी चघळतो, तिच्याशी खेळतो, मग ती काढून घेतात. त्याला कळतं की हे येतं तसं जातंही. त्यानंतर लांब दोरीवर गोल फिरवणं. यालाच मराठीत कावा म्हणतात. आपण हा शब्द फक्त शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यात ऐकतो, पण घोड्याच्या शाळेतही तो होताच.

खरी गंमत पुढे आहे. घोडा शिकतो तो ओढण्याने नाही, सोडण्याने. वाद्यांवर जरासा दाब दिला, घोड्याने मान किंचित सैल केली, की त्याच क्षणी हात सैल करायचा. ते सैल करणं हेच बक्षीस. क्षणभर उशीर झाला तर घोडा भलतंच शिकतो. आपण कंट्रोल सिस्टीमच्या वायवामध्ये फीडबॅक आणि डिले यावर जे घोकतो ते हेच आहे, फक्त इथे पलीकडच्या टोकाला चारशे-पाचशे किलोचा जीव असतो, आणि त्याला भीती वाटते.

विष्णुपंतांचे घोडे भर गर्दीत, वाद्यांच्या गजरात, दिव्यांच्या उजेडात काम करत. मारून वाकवलेलं जनावर तिथे फार दिवस टिकत नाही असं माझं मत आहे. चाबुकस्वार या शब्दात चाबूक आहे खरा, पण चांगल्याच्या हातात तो दिशा दाखवण्यापुरता असतो.

ग्वाल्हेरहून परत येऊन त्यांनी दक्षिण महाराष्ट्रातल्या पटवर्धन संस्थानिकांकडे काम केलं. १८७९ मध्ये मुंबईत इटालियन सर्कसवाले ज्युसेप्पे कियारिनी आले. हे स्वतः घोडे शिकवण्यात नावाजलेले. कुरुंदवाडचे अधिपती आणि विष्णुपंत खेळ पाहायला गेले. सर्कसच्या इतिहासात सांगतात ते असं : हिंदुस्थानी लोकांना अशी सर्कस काढायला अजून बरीच वर्षं लागतील, असं कियारिनी म्हणाले, आणि सहा महिन्यांत हे खेळ करून दाखवणाऱ्याला हजार रुपये आणि एक घोडा देऊ केला. विष्णुपंतांनी पैज घेतली. पैजेचा तपशील थोडा रंगवलेला असेल, पण निकाल रंगवलेला नाही. २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडच्या राजवाड्याच्या आवारात ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. घोड्यांची कामं स्वतः विष्णुपंत करत, आणि त्यांच्या पत्नी झुल्यावर. १८८० साली ब्राह्मण घरातली बाई झुल्यावर! यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

इथे थोडं मेकॅनिक्स. सर्कसचं रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचं असतं, कारण ते मुळात घोड्यासाठी आखलेलं आहे. त्रिज्या ६.४ मीटर आणि वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर घोडा सुमारे २२ अंश आत झुकतो. उभ्याने स्वारी करणाऱ्याला तेवढंच झुकावं लागतं. घोड्याने मधेच वेग बदलला की माणूस खाली. म्हणजे सगळा खेळ घोड्याच्या एकसारख्या चालीवर, आणि ती चाल त्याच्या मनाच्या शांतपणावर.

पुढे सर्कस गावोगाव आणि समुद्रापारही फिरली. अमेरिकेचा बेत मात्र फसला, तिथल्या मोठ्या सर्कशींपुढे यांचा निभाव लागला नाही. दक्षिणेत तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू तयार करायचे ठरले, आणि त्यातूनच केरळची सर्कस उभी राहिली. इकडे आपल्या बाजूला म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी निघाल्या. विष्णुपंतांची सर्कस पुढे घरातल्याच काशिनाथपंत छत्र्यांनी चालवली.

मला स्वतःला या माणसाचा सगळ्यात मोठा खेळ तंबूबाहेरचा वाटतो. गुरू हद्दू खाँ १८७५ मध्ये गेले. त्यांचा मुलगा रहिमत खाँ हा विलक्षण गळ्याचा गवई, पण अफूच्या नादाने आणि मनाच्या अस्थिरतेने पार वाहवत गेला. काशीत तो विपन्नावस्थेत भटकत होता तेव्हा विष्णुपंतांना सापडला. त्यांनी त्याला सोबत घेतलं, खाण्यापिण्याची, राहण्याची सोय केली, आणि सर्कस जाईल तिथे त्याचं गाणं ठेवलं. दुपारी रसिकांसमोर ख्याल आणि रात्री घोडे, असा तो मुक्काम असे. काही जण म्हणतील की विष्णुपंतांनी त्याच्या गळ्यावर पैसे कमावले. कमावले असतीलही. पण रस्त्यावर पडलेल्या, कोणाचं न ऐकणाऱ्या, मनात आलं तरच गाणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणं पैशासाठी जमत नाही. त्याच्यावर ओढून चालणारं नव्हतं, हे घोडेवाल्याला कळलं असणार. अब्दुल करीम खाँसारख्या गायकाने रहिमत खाँचं गाणं ऐकून आपली वाट शोधली, इतकं ते गाणं मोठं होतं.

विष्णुपंत १९०५ मध्ये वारले. रहिमत खाँ त्यानंतरही कुरुंदवाडला राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच गेले. त्याच्या थोडं आधी त्यांचं गाणं ग्रामोफोनवर घेतलं गेलं. खरखर पुष्कळ आहे, म्हातारपणचा आवाज आहे, तीन-तीन मिनिटांचेच तुकडे आहेत. हॉस्टेलच्या नेटवर रात्री अकरानंतर स्पीड बरा असतो, तेव्हा त्यातली भैरवी ऐका.