ना खोगीर, ना लगाम : हॅनिबलला हरवणाऱ्या घोडेस्वारांचा राजा मॅसिनिसा

घोडेस्वार म्हटलं की डोळ्यांसमोर खोगीर, रिकीब आणि लगाम येतात. पण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत असे स्वार होते, ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते होते नुमिडियाचे, म्हणजे आजच्या अल्जेरिया-ट्युनिशिया भागातले. आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला राजा होता मॅसिनिसा.

आता प्रश्न पडतो की लगाम नसताना घोडा आवरायचा कसा?

तर हे लोक घोड्याच्या गळ्यात फक्त एक दोर बांधायचे आणि हातात बारीक काठी ठेवायचे. बाकी सगळं काम मांडीच्या दाबावर आणि शरीराचा तोल इकडे-तिकडे करण्यावर. घोडे लहानसर, पण चपळ आणि काटक. एका हातात छोटी ढाल, दुसऱ्या हातात फेकायचे भाले. वेगात यायचं, भाले फेकायचे आणि शत्रू सावरायच्या आत पसार व्हायचं, ही त्यांची पद्धत.

मॅसिनिसाचा जन्म इ.स.पू. २३८ च्या सुमारास झाला. वडील गाया हे पूर्व नुमिडियातल्या मॅसिली लोकांचे राजे. तरुणपणी तो कार्थेजच्या बाजूनं स्पेनमध्ये रोमनांशी लढला. पण इ.स.पू. २०६ मध्ये कार्थेजचा तिथं पराभव झाला आणि त्यानं रोमन सेनापती स्किपिओशी हातमिळवणी केली.

तोवर इकडे वडील वारले होते. शेजारचा राजा सायफॅक्स यानं मॅसिनिसाचं राज्य गिळलं. हक्काचा वारस थोड्याशा स्वारांसह रानोमाळ भटकू लागला. इ.स.पू. २०४ मध्ये स्किपिओ आफ्रिकेत उतरल्यावर त्याचे दिवस पालटले. पुढच्याच वर्षी सायफॅक्स पकडला गेला आणि मॅसिनिसानं सिर्टा, म्हणजे आजचं कॉन्स्टंटिन शहर, ताब्यात घेतलं.

तिथं त्यानं सायफॅक्सची राणी सोफोनिस्बा हिच्याशी लग्न केलं. ती कार्थेजच्या सेनापतीची मुलगी. स्किपिओला हे मान्य नव्हतं, तिला रोमच्या हवाली करा असा त्याचा आग्रह होता. रोमन इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्यानुसार, मॅसिनिसानं तिला विष पाठवलं आणि तिनं ते प्यायलं. राज्य मिळालं, पण ही किंमत मोजून.

इ.स.पू. २०२ मध्ये झामाची लढाई झाली. कॅनीला हॅनिबलनं रोमनांचा धुव्वा उडवला, तेव्हा नुमिडियन स्वार त्याच्याकडे होते. आता त्यातले बरेच मॅसिनिसासोबत रोमच्या बाजूनं आले होते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस त्याच्याकडे ४,००० घोडेस्वार असल्याचं सांगतो. त्यांनी आणि रोमन घोडदळानं हॅनिबलचे स्वार पळवून लावले, मग मागे फिरून त्याच्या पायदळावर पाठीमागून हल्ला चढवला. लढाईचा निकाल तिथंच लागला.

पुढची पन्नासेक वर्षं त्यानं राज्य केलं आणि शेती वाढवली. त्याला प्रत्यक्ष भेटलेला पॉलिबियस सांगतो की म्हातारपणीही तो घोडेस्वारी करायचा. इ.स.पू. १४८ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना तो वारला.

कार्थेजचा मुलूख तो सतत बळकावत राहिला. कार्थेजनं प्रतिकार केला आणि तेच निमित्त करून रोमनं ते शहर बेचिराख केलं. पण नंतर रोमची नजर नुमिडियावरही वळली. इ.स.पू. ४६ मध्ये मॅसिनिसाचं राज्य रोमचा एक प्रांत झालं.

राज्य गेलं, पण स्वारीची ती पद्धत टिकली. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर आजही उत्तर आफ्रिकेचे स्वार कोरलेले दिसतात. त्यांच्या घोड्यांना लगाम नाही.