अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई होळकर (३१ मे, १७२५ - १३ ऑगस्ट, १७९५) या माळव्याच्या होळकर संस्थानाच्या राज्यकर्त्या होत्या. नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर येथे त्यांनी आपली राजधानी वसवली. घाट, मंदिरे, वाडा, बाजारपेठ आणि विणकरांची वस्ती यांनी मिळून तेथे एक नदीकाठचे नगर उभे राहिले.

== प्रारंभिक जीवन ==

अहिल्याबाईंचा जन्म सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना वीरमरण आले. त्यानंतर सासऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांनी दौलतीच्या कारभाराचे शिक्षण घेतले.

== सत्तेचा पेच ==

इ.स. १७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव यांचेही निधन झाले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला व रघुनाथराव पेशवे फौजेसह माळव्यात आले. अहिल्याबाईंनी दत्तकास नकार देऊन प्रतिकाराची तयारी केली. अखेर रघुनाथरावांनी माघार घेतली आणि माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या कारभारास मान्यता दिली. लष्कराची जबाबदारी त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे सोपवली.

== महेश्वरची उभारणी ==

राजधानीसाठी त्यांनी इंदूरऐवजी महेश्वरची निवड केली. नर्मदेला पावसाळ्यात पूर येतो, तर उन्हाळ्यात पाणी खोल जाते. पात्रापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या घाटांमुळे पाणी कोणत्याही पातळीला असले तरी तेथे पोहोचता येत असे. स्नान, पूजा, धुणे आणि नावांची ये-जा यांसाठी हे घाट सर्वांना खुले होते. त्यांच्या वर मंदिरे, किल्ल्याचा तट आणि तटाच्या आत राजवाडा अशी रचना होती. राजवाडा साधा, लाकडी खांबांचा होता. अहिल्याबाई तेथेच दरबार भरवून रयतेची गाऱ्हाणी ऐकत.

नगराला उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. पुढे महेश्वरी साडी प्रसिद्धीस आली. तिच्या काठांवर घाट व किल्ल्यावरील कोरीव नक्षी तसेच नर्मदेच्या लाटांचे आकार विणले जातात.

== इतर लोकोपयोगी कामे ==

त्यांनी आपल्या राज्यात व राज्याबाहेरही विहिरी, बारवा, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तसेच रस्त्यांच्या कडेने झाडे लावली. यासाठी होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून खर्च केला जाई. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी इ.स. १७८० मध्ये पुन्हा उभारले. मराठवाड्यात वेरूळचे घृष्णेश्वर आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे श्रेय त्यांना दिले जाते.

== अखेरची वर्षे ==

जावई यशवंतराव फणसे यांच्या निधनानंतर इ.स. १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेल्या. चार वर्षांनी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. इ.स. १८१८ नंतर राजधानी इंदूरला गेली. महेश्वरचे घाट मात्र आजही वापरात आहेत.