हिऱ्यांवरचा हक्क सोडणारा राजा

गॅबोरोनच्या विमानतळाला नाव आहे सर सेरेत्से खामा यांचं. मी बोट्स्वानात राहतो म्हणून असेल, पण हा माणूस आपल्याकडे फारसा माहीत नाही याची मला चुटपुट लागते.

१९२१मध्ये सेरोवेला बामांगवाटो जमातीच्या राजघराण्यात जन्म. कायदा शिकायला लंडनला गेले आणि १९४८मध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेला ते खपेना, तेव्हा ब्रिटिशांनी त्यांनाच हद्दपार केलं! १९५६मध्ये गादीवर पाणी सोडून ते परतले.

१९६६मध्ये देश स्वतंत्र झाला, ते पहिले राष्ट्राध्यक्ष. डांबरी रस्ते जेमतेम १२ किलोमीटर, दुष्काळात गुरं मेलेली. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही त्यांच्याच जमातीच्या मुलखात. आपल्याकडे वीतभर बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. खामांनी त्याच वर्षी कायदा करून सगळ्या जमातींचे खनिजहक्क, आपल्या जमातीचेसुद्धा, सरकारकडे घेतले. माझ्या मते देशाचं नशीब इथेच उघडलं. हिरे काय, सिएरा लिओनमध्येही होते.

डी बिअर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा सुरुवातीला १५ टक्के होता. खाण चालू झाल्यावर खामांचं सरकार पुन्हा बोलणी करायला बसलं आणि १९७५मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. सगळी भिस्त हिऱ्यांवरच राहिली, ही खोट मात्र आज जाणवते.

१९८०मध्ये पदावर असतानाच, ५९व्या वर्षी ते गेले. ज्वानेंगची खाण, देशातली सर्वांत श्रीमंत, त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली.