तट पाडणारा गव्हर्नर : सर बार्टल फ्रिअर

मुंबईच्या हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन मुळात सर बार्टल फ्रिअर यांच्या गौरवार्थ उभारले गेले, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या जागी पूर्वी कोटाचा चर्चगेट हा दरवाजा होता. तो दरवाजा आणि भोवतालचा तट याच गव्हर्नरांच्या कारकिर्दीत जमीनदोस्त झाला.

फ्रिअर यांचा जन्म २९ मार्च १८१५ रोजी वेल्समध्ये झाला. १८३४ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुणे भागातील महसूल खात्यात काम शिकले. पुढे ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, तेव्हा दत्तक मान्य करावा, राज्य खालसा करू नये, असे त्यांनी सरकारला कळविले. डलहौसीने ते मानले नाही. इतकेच नव्हे, तर खालसा झालेल्या मुलुखाचे कमिशनर म्हणून फ्रिअर यांनाच नेमले, आणि त्यांनी ते पद स्वीकारले! त्यानंतरची नऊ वर्षे सिंधमध्ये गेली.

१८६२ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. अमेरिकेतील यादवीमुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. जुना तट निरुपयोगी ठरला होता. पण त्याखालची व समोरच्या एस्प्लनेडची जमीन सरकारी होती. फ्रिअर यांनी तट पाडण्यासाठी समिती नेमली. मोकळ्या जमिनीचे प्लॉट द्यायचे, येणारी रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची आणि तिच्यातून सार्वजनिक इमारती बांधायच्या, अशी ही योजना. ट्रबशॉ या वास्तुशास्त्रज्ञाने आराखडा केला. वॉटसनचे प्रसिद्ध हॉटेल अशाच एका प्लॉटवर उभे राहिले.

योजना मोठी हुशारीची खरी. पण जमीन एकदाच विकता येते, आणि तिचा भाव तर कापसावर लटकलेला! १८६५ मध्ये युद्ध संपले. कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला, जमिनीला गिऱ्हाईक मिळेना. बँक ऑफ बॉम्बे रसातळाला गेली. तिच्यात सरकारचेही भाग असल्याने गव्हर्नरांवर टीका झाली, आणि माझ्या मते ती अगदीच अनाठायी नव्हती. १८६७ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा बहुतेक इमारती कागदावरच होत्या. सचिवालय १८७४ मध्ये, तर हायकोर्ट १८७८ मध्ये पुरे झाले. राजाबाई टॉवर मात्र प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा. ते स्वतः त्या मंदीत धुऊन निघाले होते. या वैभवाची स्तुती करताना एक विसरू नये : प्लॉट घेणाऱ्यांच्या हातातला पैसा खानदेश-गुजरातच्या काळ्या रानातून आला होता, आणि मंदीचा तडाखा त्या रानातल्या कुणब्यालाही बसला.

पुढे फ्रिअर दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाले. साताऱ्याच्या गादीसाठी रदबदली करणाऱ्या या माणसाने तेथे झुलू राजाला न पाळता येण्याजोग्या अटी घातल्या आणि १८७९ चे युद्ध ओढवून घेतले. १८८० मध्ये त्यांना परत बोलावले गेले. २९ मे १८८४ रोजी विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले.