दरमहा पन्नास रुपये आणि चाळीस वर्षांचे एक हस्तलिखित

आपल्या बडोद्यातील मराठी माणसांना सयाजीराव महाराजांच्या दातृत्वाच्या गोष्टी नव्याने सांगायला नकोत. डॉ. आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच्या काही वर्षे आधी महाराजांनी एका गोमंतकीय गृहस्थाला दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. अट साधी होती. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे. हे गृहस्थ त्या वेळी कलकत्त्यात पाली भाषा शिकवीत होते आणि तिथला पगार पन्नास रुपयांहून बराच अधिक होता. तो सोडून ते महाराष्ट्रात आले. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचे चरित्र पुष्कळांनी वाचलेले असेल. आम्ही इथे त्यातला एकच धागा धरणार आहोत. एक जुना ग्रंथ विद्वानांच्या हाती देण्याजोगा करण्यासाठी माणसाला काय काय करावे लागते, आणि त्या कामाची नोंद कोणाच्या नावावर होते, हा तो धागा.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. घरच्या नारळाच्या बागायतीची कामे पाहण्यात तरुणपण गेले, लग्नही लवकर झाले. वाचनाची गोडी मात्र होती. 'बालबोध' मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या एका लेखाने त्यांचे मन व्यापून टाकले. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, असे त्यांनी ठरविले. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे करीत ते काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नंतर नेपाळ, बोधगया आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. त्यानंतर ब्रह्मदेशातही राहिले.

या भटकंतीत त्यांच्या पदरी एक दुर्मीळ भांडवल जमले. पाली भाषेला स्वतःची लिपी नाही. सिंहलातले भिक्षू ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशातले ब्रह्मी लोकांच्या लिपीत, आणि युरोपातले पंडित रोमन लिपीत छापतात. धर्मानंदांना या लिप्या वाचता येत होत्याच, शिवाय त्या त्या देशातल्या विहारांत बसून तिथल्या परंपरेने त्यांनी ग्रंथ वाचले होते. पुढच्या सगळ्या कामाला हेच भांडवल उपयोगी पडले.

महाराजांच्या मदतीमुळे ते मुंबई-पुण्याकडे स्थिरावले. बडोद्यात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक १९१० मध्ये तयार झाले. डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश व्हावा यासाठी त्यांची खटपट चालूच होती. याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत हार्वर्डचे संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांचे बोलावणे आले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे.

हा ग्रंथ बुद्धघोषाचार्यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलातील अनुराधपूरच्या महाविहारात लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी जाणारा, तेवीस प्रकरणांचा हा मोठा ग्रंथ आहे. हार्वर्डजवळच राहणारे हेन्री क्लार्क वॉरन यांनी त्याचे संपादन हाती घेतले होते. वॉरन श्रीमंत घराण्यातले होते, पण लहानपणी पडल्यामुळे पाठीचा कणा दुखावला आणि जन्मभर शरीर पीडेत राहिले. तशा स्थितीत ते पाली शिकले. लॅनमन यांच्याबरोबर त्यांनी 'हार्वर्ड ओरिएंटल सीरिज' ही ग्रंथमाला उभी केली आणि तिला पैसाही पुरविला. विसुद्धिमग्गाचे काम अपुरे ठेवून ते १८९९ च्या आरंभी वारले. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यातून धर्मानंद घराबाहेर पडले होते. एकाने अर्धवट ठेवलेले काम दुसऱ्याच्या वाट्याला यायला अकरा वर्षे लागली.

१९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेतील केंब्रिजला गेले. मुलगा दामोदर तेव्हा दोन-तीन वर्षांचा होता. बाळाबाईंच्या नशिबी पुन्हा एकदा वाट पाहणे आले.

तिथे नेमके काय करायचे होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. जुन्या ग्रंथाची मूळ प्रत कधीच हाती नसते. हाती असतात त्या नकलेच्या नकला. वॉरन यांनी ब्रह्मदेशातल्या आणि सिंहलातल्या ताडपत्रांवरून पाठ तयार केला होता. प्रत्येक लेखनिकाच्या हातून काही ना काही सुटते. एक ओळ दोनदा लिहिली जाते, सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांच्या जागी बसतात, शेजारच्या ओळीतला शब्द चुकून इकडे येतो. कधी लेखनिक हुशार असतो आणि कठीण शब्द बदलून सोपा घालतो, ती चूक तर सर्वांत अवघड. म्हणून सगळ्या प्रती ओळीला ओळ लावून वाचायच्या. फरक पडेल तिथे अर्थ, व्याकरण आणि परंपरा पाहून एक पाठ वर घ्यायचा आणि दुसरा नोंदवून ठेवायचा. शिवाय बुद्धघोषाचार्य जागोजागी त्रिपिटकातली वचने घेतात, पण ती कुठली हे दर वेळी सांगत नाहीत. त्यातले प्रत्येक वचन मूळ सुत्तात शोधून काढायचे. हे सगळे झाले की छापण्यासाठी स्वच्छ प्रत करायची, आणि छापखान्यातून आलेली मुद्रिते पुन्हा अक्षर अक्षर तपासायची.

या कामाला घाई चालत नाही. वॉरन यांच्या मागे राहिलेल्या कागदांत शंका होत्या, गाळलेल्या जागा होत्या, काही पाठ निःसंशय चुकीचे होते. ते सुधारायला पालीत विचार करणारा माणूस लागत होता, आणि धर्मानंद तसे होते.

काम पुढे गेले आणि तंटा उभा राहिला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव जावे? लॅनमन यांना ग्रंथ त्यांच्या दिवंगत मित्राच्या नावानेच जायला हवा होता. आपण जे केले त्याची नोंद योग्य शब्दांत झाली पाहिजे, हा धर्मानंदांचा आग्रह होता. दोघेही मागे हटेनात. शेवटी १९१२ मध्ये धर्मानंद काम तसेच ठेवून परत आले.

आम्ही सारे आयुष्य बँकेत काढले, म्हणून हा प्रसंग आम्हांला तिथल्या भाषेत समजतो. बँकेत व्हाउचर एक जण तयार करतो आणि दुसरा तपासून सही करतो. ती दुसरी सही शोभेची नसते. पुढे चूक निघाली तर जाब त्यालाही द्यावा लागतो, म्हणून नावही त्याचे लागते. ज्याच्यावर जबाबदारी आहे पण ज्याची सही कागदावर नाही, अशा माणसाची अवस्था आम्ही पाहिलेली आहे. त्या काळी युरोप-अमेरिकेत छापल्या गेलेल्या कितीतरी संस्कृत-पाली ग्रंथांमागे आपल्याकडचे शास्त्री होते आणि त्यांच्या वाट्याला प्रस्तावनेतली एखादी आभाराची ओळ येई. धर्मानंदांना तेवढ्यावर समाधान मानायचे नव्हते.

पण लॅनमन यांनाही खलनायक ठरविणे बरोबर नाही. अपंग मित्राने वेदना सोशीत केलेले काम त्याच्या नावाने जगापुढे यावे, या इच्छेत आम्हांला वाईट काही दिसत नाही. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या आणि मधल्या मध्ये ग्रंथ अडकला.

परत आल्यावर धर्मानंद १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. पाली शिकलेल्या महाराष्ट्रीय विद्वानांची एक पिढी तिथे घडली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी पुढे 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास करून १९३७ मध्ये तो प्रसिद्ध केला. गुरूचे संपादन तेव्हाही छापून आलेले नव्हते.

१९१८ मध्ये हार्वर्डचे पुन्हा बोलावणे आले. या वेळी माणिक आणि दामोदर या दोघांना घेऊन ते गेले आणि १९२२ पर्यंत राहिले. तेवढ्यात १९२० आणि १९२१ मध्ये इंग्लंडच्या पाली टेक्स्ट सोसायटीने श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी संपादित केलेला विसुद्धिमग्ग दोन भागांत छापून मोकळा केला. हार्वर्डचा ग्रंथ मात्र जुन्याच वादात राहिला. धर्मानंद परतले आणि अहमदाबादला गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६-२७ मध्ये तिसरी फेरी झाली, १९३१-३२ मध्ये चौथी. मधल्या काळात ते रशियात लेनिनग्राडला जाऊन आले आणि १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगातही गेले. एका हस्तलिखितासाठी चार वेळा समुद्र ओलांडला आणि पन्नाशी उलटली, तरी पुस्तक हाती नव्हते.

मग त्यांनी जे केले ते आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी विसुद्धिमग्ग नागरी लिपीत संपादित केला आणि तो १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. सिंहली किंवा रोमन लिपी न जाणणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा हा ग्रंथ ओळखीच्या अक्षरांत वाचता आला. १९४३ मध्ये त्यावरची 'दीपिका' ही त्यांची पाली टीकाही निघाली. परदेशातल्या छापखान्याची वाट पाहत ते थांबून राहिले नाहीत.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. शरीर आता कोणाच्या उपयोगाचे राहिले नाही असे वाटल्यावर त्यांनी आपणहून अन्न सोडले होते. हार्वर्डचा विसुद्धिमग्ग त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये, त्या मालेचा ४१ वा ग्रंथ म्हणून निघाला. संपादक हेन्री क्लार्क वॉरन, संशोधित करणारे धर्मानंद कोसंबी, अशी दोन्ही नावे त्याच्या मुखपृष्ठावर आहेत. धर्मानंद पहिल्यांदा हार्वर्डला गेले त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. नाव लागले ते पाहायला ते नव्हते, वुड्स नव्हते, लॅनमनही नव्हते.

त्यांचा आग्रह योग्य होता का? आमच्या घरी या प्रश्नावर एकमत होत नाही. १९१२ साली नावाचा प्रश्न बाजूला ठेवला असता तर ग्रंथ कितीतरी आधी अभ्यासकांना मिळाला असता, असे एक मत. दुसरे असे की ज्याने पानपान तपासले त्याचे नाव न लावणे म्हणजे वाचकाला अर्धे खरे सांगणे, आणि इतक्या शुद्ध पाठाच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर ती अशुद्धी कशाला? वय वाढत गेले तसे आम्ही दुसऱ्या मताकडे झुकलो आहोत. मात्र या हिशेबात बाळाबाईंच्या वाट्याला गेलेली वर्षे कोणत्याच मुखपृष्ठावर आलेली नाहीत, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या, मोडीतले कागद, दरबारी पत्रव्यवहार पडून आहे. त्यातले काही जण ते नीट उतरवून एखाद्या संशोधन मंडळाच्या त्रैमासिकाकडे पाठविण्याच्या विचारात आहेत. त्यांनी धर्मानंदांची ही हकीकत जवळ ठेवावी. मूळ कागदाशी ओळीला ओळ लावून पाहावी. न लागलेला शब्द आपल्या मनाने भरू नये, तिथे तशी नोंद करावी. आणि मोडी कोणी वाचून दिली, प्रत कोणी केली, कोणी तपासली, हे काम सुरू करतानाच ठरवून पहिल्या पानावर लिहावे. मोडी वाचून देणारे शेजारचे काका असोत की टंकलेखन करणारी सून असो, त्यांचे नाव लेख पाठविण्याआधीच लागलेले असू द्यावे.