निफाडचे रानडे आणि हायकोर्टातली एकच खुर्ची

निफाड म्हटलं की द्राक्षं आणि कांदा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे निफाडात जन्मले, हे आपल्या पोरांना पुस्तकातल्या एका ओळीपुरतं माहीत असतं. समाजसुधारक, प्रार्थना समाज, काँग्रेस हे सगळं त्यात येतं. पण हा माणूस जज कसा झाला आणि त्याला किती वाट बघावी लागली, हे फारसं कुणी सांगत नाही. जज कोण नेमतं आणि कुणातून नेमतं, यावर आजही वाद चालू आहे. म्हणून ही गोष्ट.

जन्म १८ जानेवारी १८४२ चा. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत, पुढे कोल्हापूर संस्थानात. बालपण कोल्हापुरात गेलं, पुढचं शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तेव्हा पास झालेल्या २१ जणांत रानडे होते. १८६४ ला एमए, १८६६ ला कायद्याची पदवी. वाचून वाचून डोळे कायमचे अधू झाले.

एवढं शिकूनही हायकोर्टाची वाट अरुंदच होती. १८६१ च्या कायद्याप्रमाणं हायकोर्टात निदान एक तृतीयांश जज बॅरिस्टर आणि निदान एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हिसचे लागत. बॅरिस्टर व्हायचं तर विलायत, सिव्हिल सर्व्हिसची परीक्षाही विलायतेत. रानडे दोन्ही नव्हते. उरलेल्या जागांत इथले वकील आणि खालच्या कोर्टाचे जज बसू शकत, पण तेही इंग्लंडच्या राणीच्या सरकारनं नेमलं तर.

१८७१ साली ते पुण्यात फर्स्ट क्लास सबजज झाले. नोकरी सांभाळून सार्वजनिक सभेचं काम करत. दुष्काळ, सारा, रयतेची दैना, सगळ्यावर लिहीत. सरकारला ते खुपलं. १८७८ ला बदली नाशिकला, तिथून १८७९ ला धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. रानड्यांवर एवढा संशय की त्यांची टपाल फोडून बघत. पुढे संशय फिटला, पण बढतीची वाट लांबली ती लांबलीच.

आपल्यासाठी महत्त्वाचं पुढंच आहे. १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही गेलं. मग १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. सावकारानं कागद पुढं केला म्हणून लगेच हुकूमनामा नाही. मूळ घेतलं किती, व्याज किती चढवलं, फेडलं किती, हे कोर्टानं उकरून बघायचं. नुसत्या कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. हप्ते बांधून द्यायचे. सबजज लोक हे नीट करतात का, ते तपासायचं काम रानड्यांकडं आलं, पुढे ते त्याचे स्पेशल जज झाले. तालुक्या-तालुक्याला फिरून ते दप्तरं बघत. अंगठा उठवलेला कागद कसा तयार होतो हे ज्यानं गावात जाऊन पाहिलंय, त्याचा निकाल वेगळा पडतो. निदान मला तरी तसं वाटतं.

आता त्या खुर्चीचं. मुंबई हायकोर्टात पहिले हिंदी जज नानाभाई हरिदास. ते १८८९ ला वारले. जागा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांना मिळाली, रानड्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान. दोघांची मैत्री होती. १ सप्टेंबर १८९३ ला तेलंग ४३ व्या वर्षी गेले, आणि मग ५१ वर्षांच्या रानड्यांना ती खुर्ची मिळाली. म्हणजे आपल्या माणसानं बसायचं तर आधीचा आपलाच माणूस मरायला पाहिजे. सगळ्या मुंबई इलाख्याला एक जागा! १८९५ ला बद्रुद्दीन तय्यबजी नेमले गेले, तेव्हा कुठं दुसरी झाली.

रानडे सात वर्षं हायकोर्टात होते. १६ जानेवारी १९०१ ला गेले, ५९ पुरे व्हायला दोन दिवस कमी. त्यांच्यानंतर नारायण चंदावरकर नेमले गेले.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. गोऱ्यांनी दार किलकिलं केलं ते इंग्रजी शिकलेल्या वरच्या थरातल्या माणसांना. ज्यांचे कर्जाचे कागद रानडे तपासत होते, त्या कुणब्याच्या किंवा महाराच्या घरातलं पोर त्या वाटेवर कुठंच नव्हतं. बायांना तर वकिलीच १९२३ च्या कायद्यानं खुली झाली. मुंबई हायकोर्टात पहिल्या महिला जज सुजाता मनोहर आल्या त्या १९७८ ला, रानडे जाऊन ७७ वर्षांनी.

आज हायकोर्टाचे जज वकिलांमधून आणि जिल्हा न्यायाधीशांमधून येतात. पहिलं नाव हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ जज सुचवतात. अलीकडच्या काही वर्षांत केंद्र सरकारनं संसदेत दिलेली माहिती बघितली, तर नेमलेल्यांत मोठा भाग अजून खुल्या प्रवर्गातलाच दिसतो.