बांधावरचा हिशेब मांडणारे धनंजयराव

शेतकरी बंधूंनो, पीककर्जाचा विषय निघाला की ‘जिल्ह्याची अग्रणी बँक’ हा शब्द तुमच्या कानावर पडतोच. जिल्हा हा घटक धरून बँकांनी कर्जाचं नियोजन करावं, ही शिफारस १९६९ साली एका अभ्यासगटानं केली. त्याचे अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १९०१ सालचा. लहानपण नागपुरात गेलं, पुढचं शिक्षण केंब्रिजला. भारतातील उद्योगधंद्यांच्या वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपानं निघाला, तेव्हा त्यांचं वय अवघं तेवीस. काही वर्षं सुरतेला कॉलेजचे प्राचार्य राहून १९३० साली ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत तिथंच रमले.

या संस्थेनं काय केलं? तर आधी मोजलं. पुण्याच्या बाजारात फळं येतात कशी, विकली जातात कशी, याची पाहणी १९३३ साली छापली. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च १९४० साली मांडला. मग गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी झाली, तिचा अहवाल १९४८ चा. तोवर कालव्याचा नफातोटा सरकारी तिजोरीत किती जमा झालं, यावर ठरायचा. धनंजयरावांनी हिशेब वाढवला. पाण्यामुळं शेतकऱ्याचं उत्पन्न किती वाढलं, मजुराला काम किती मिळालं, व्यापाराला चालना किती मिळाली, हेही लाभात धरायला हवं, हे त्यांनी दाखवून दिलं.

ह्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करायला धडपडत होते. खिशात पैसा नाही, पण जिद्द मोठी. प्रोफेसर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. अर्थशास्त्राचा प्राध्यापक उसाच्या कारखान्याचा कारभार बघतो, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट.

त्याच सुमारास देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. ७५ जिल्हे, ६०० गावं. समितीत धनंजयराव होते. १९५४ साली आकडे बाहेर आले ते डोळे उघडणारे. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा जेमतेम तीन टक्के, सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. सहकार बंद करा, असा अर्थ समितीनं काढला नाही. सरकारनं भांडवलात भागीदारी करून सोसायट्या सक्षम कराव्यात, कर्जाची सांगड मालविक्रीशी घालावी, असं सुचवलं. तुमच्या गावच्या सोसायटीची पुढची वाढ या शिफारशींशी जोडलेली आहे.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटावी, याचं ‘गाडगीळ सूत्र’ त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

मंडळी, पीक पाहणी बांधावर न जाता नोंदली, तर त्यावर ठरणारी मदतही चुकते. तलाठी-ग्रामसेवकांनी हे ध्यानात घ्यावं. आणि तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेला जा, अहवाल हातात घ्या, न कळलेला आकडा उभं राहून विचारा. सभासदच हिशेब बघेनासा झाला, तर कारखाना आपला कसा म्हणायचा?